दुसऱ्या भेटीची तारीख

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या केसपेपरच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहा. रांगेतला माणूस पाळी आली की खणखणीत आवाजात सांगतो, "हाडांचे डॉक्टर", "डोळ्यांचे", "कान-नाक-घसा". मध्येच एखादी बाई पदर सावरत खिडकीत वाकते आणि हळूच म्हणते, "ते... मागच्या बाजूचे." खिडकीतल्या माणसाला कळते. तो मानसोपचारचा केसपेपर देतो.

त्या मागच्या बाजूच्या खोलीबाहेर टेबल टाकून मी गेली अकरा वर्षे बसते. माझे काम सामाजिक कार्यकर्तीचे. नव्या रुग्णाची माहिती आधी मी लिहून घेते, मग तो आत डॉक्टरांकडे जातो.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतलाच एक मुलगा आला. वय चोवीस, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. दोन महिने झोप नाही, जेवण नाही, पुस्तक उघडले की रडू. सोबत आई आणि मामा. बोलले सगळे मामा. आत दहा मिनिटे लागली. पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पंधराव्या दिवशी तो आला नाही. आला तो तिसऱ्या महिन्यात, अपघात विभागातून, स्ट्रेचरवर. जीव वाचला. बरा झाल्यावर मला म्हणाला, "ताई, गोळी सुरू केल्यावर मळमळ सुटली, डोके जड झाले. चार दिवसांनी सोडून दिली. मला वाटले औषध बाधले. असे होते हे कुणी सांगितलेच नव्हते."

ते सांगायचे काम माझेही होते. त्या दिवशी बाहेर सत्तर लोक होते, एवढेच मी म्हणू शकते. पण त्या वाक्यानंतर माझे एक मत पक्के झाले. मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाण्याचे धाडस मोठे खरेच, पण जीव वाचवते ती दुसरी भेट. आणि दुसरी भेट होणार की नाही, हे बरेचसे पहिल्या भेटीत काय घडले यावर ठरते. म्हणून पहिल्या भेटीला जाताना काय ठाऊक असावे, ते आज लिहिते आहे.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. ही झाली न आलेल्यांची गोष्ट. माझ्या रजिस्टरात 'नवीन' आणि 'जुने' असे दोन रकाने आहेत. एकदा येऊन परत न फिरकलेल्यांचा रकाना त्यात नाही.

कुणाकडे जायचे?

आधी हा गोंधळ मिटवू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचाराचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो, औषध देत नाही. समुपदेशक अडचणीतून वाट काढायला मदत करतो. तिघांचीही गरज पडू शकते, पण तिघे एक नव्हेत. फलकावर नुसते 'माइंड स्पेशालिस्ट' लिहिले असेल, तर पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

खासगी दवाखान्यात पहिल्या भेटीला साधारण अर्धा-पाऊण तास मिळतो, फी मात्र शहरागणिक बदलते. फोनवरच विचारून घ्या. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तिथे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी टीम असते. ही टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही जाते. तो वार कोणता, हे आशाताईंना विचारले तर कळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

'येरवड्याला टाकतील' ही भीती अजून जात नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत हे खरे. पण ओपीडीत येणारे बहुतेक लोक गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी जातात, दुसऱ्या दिवशी कामावर जातात. त्यांच्यात शिक्षक असतात, एसटीचे वाहक असतात, बाळंत होऊन महिना झालेल्या मुली असतात.

जाताना काय न्यायचे?

एक साधी वही न्या. आदल्या रात्री त्यात चार गोष्टी लिहा: त्रास कधीपासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, आधी कधी असे झाले होते का, घरात कुणाला असा आजार किंवा व्यसन होते का. आत गेल्यावर माणूस निम्मे विसरतो. रडू येते, ते वेगळेच. लिहिलेले असले की वही पुढे करता येते.

चालू असलेली सगळी औषधे पाकिटासकट पिशवीत घाला. शुगरच्या, बीपीच्या, थायरॉईडच्या, फिटच्या गोळ्या, गर्भनिरोधक, वैदूचा काढा, मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी, सगळे. जुने रिपोर्ट न्या. थायरॉईड बिघडले, रक्त कमी झाले किंवा बी-१२ कमी असले तरी माणूस उदास, थकलेला, चिडचिडा होतो. म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. 'मनाच्या आजाराला रक्त कशाला?' असे म्हणून ती तपासणी टाळू नका.

बाई गरोदर असेल, दिवस राहण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. व्हॅल्प्रोएटसारखे औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. ते टाळून दुसरे देता येते, पण डॉक्टरांना कळले तरच.

आत काय होते?

आत कुणी तुमची परीक्षा घेत नाही. डॉक्टर नाव, गाव, काम विचारतात. मग काही प्रश्न असे येतात की ऐकणारा दचकतो. 'कानात आवाज येतात का?' 'कुणी आपल्यावर पाळत ठेवतेय असे वाटते का?' 'जगणे नको वाटते का?' हे प्रश्न प्रत्येक नव्या रुग्णाला विचारतात. विचारले म्हणजे तुम्हाला वेडे ठरवले असे नाही. मरणाचा विचार मनात येत असेल तर तो सांगा. सांगितल्याने विचार वाढत नाही, उलट छातीवरचा दगड हलका होतो आणि डॉक्टरांनाही कळते की या माणसाला पंधरा दिवसांनी नव्हे, तीन दिवसांनी बोलवायला हवे.

दारू, गांजा, तंबाखू किती, हे खरे सांगा. 'कधीतरी घेतो' म्हणणाऱ्याचे रोजचे प्रमाण बायकोला ठाऊक असते. डॉक्टरांना नसते. दारूवर झोपेची गोळी पडली तर जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट आपले लोक सांगत नाहीत, ती मुद्दाम लिहिते. वसतिगृहात आडनाव विचारून केलेली टिंगल, कामाच्या ठिकाणी वेगळा ठेवलेला पेला, 'तुम्हाला तर कोट्यातून मिळाले' हे रोजचे टोमणे. या गोष्टी आजाराशी संबंधित नाहीत असे समजून आपण गिळून टाकतो. माझ्या टेबलापाशी मुले 'अभ्यासाचे टेन्शन' एवढेच लिहायला लावतात आणि उठता उठता खरी गोष्ट सांगतात. ती आत सांगा. अपमान हा झोप उडवणारा, भूक मारणारा घाव आहे. तो केसपेपरवर आलाच पाहिजे. डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेला तर डॉक्टर बदला, उपचार सोडू नका.

घरचे सोबत असावेत, पण पाच-दहा मिनिटे तरी एकट्याने बोलायचे आहे असे रुग्णाने स्पष्ट म्हणावे. आणि मामा, काका, भाऊ यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमची माया खरी आहे, पण आजार त्याचा आहे. त्याला बोलू द्या. सुनेला घेऊन येणाऱ्या सासूबाईंना आणि नवऱ्यांनाही हेच सांगणे आहे. तिला एकटीला आत बसू द्या.

गोळ्यांविषयी

दुसरी भेट बुडते ती बहुतेक वेळा इथेच. उदासी आणि चिंतेसाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशी औषधे देतात. त्यांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण मागून येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, जुलाब, अस्वस्थपणा, झोपेत फरक हे होऊ शकते. बहुतेकांचे ते आठ-दहा दिवसांत ओसरते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला सहा-आठही लागतात. आमचा तो मुलगा चौथ्या दिवशी थांबला, म्हणजे त्याने त्रास तेवढा सोसला आणि गुण यायच्या आधीच उठून गेला.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींबाबत अधिक जपावे. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्वचित बेचैनी वाढते, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही वाढू शकतात. असे दिसले तर तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा. तेवढे दिवस घरच्यांनी गोळ्यांचे पाकीट स्वतःकडे ठेवावे आणि मुलाला एकटे सोडू नये.

'सवय लागेल' ही भीती सगळ्यांना असते. वरच्या गोळ्यांची नशा होत नाही, तलफ लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, घाबरल्यासारखे होणे असे त्रास होतात, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागू शकते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांची. त्या थोड्या दिवसांसाठी असतात. वर्षानुवर्षे मेडिकलमधून तीच चिठ्ठी दाखवून त्या घेणारे आपल्या वस्तीत कमी नाहीत. माझ्या मते झोपेच्या गोळ्यांना घाबरायचे सोडून आपण नेमके उदासीच्या औषधाला घाबरतो.

बरे वाटले म्हणून गोळी थांबवू नका. पहिल्यांदाच उदासीचा आजार झाला असेल, तर बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, म्हणजे आजार उलटण्याचा धोका कमी होतो. काही आजारांत ते अनेक वर्षे लागते. लिथियम चालू असेल तर रक्तातले प्रमाण, थायरॉईड आणि मूत्रपिंड ठरावीक काळाने तपासावे लागते. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. त्यासाठी वजनकाटा हवा, औषध फेकून देणे हा उपाय नव्हे.

उठण्यापूर्वी डॉक्टरांना पाच गोष्टी विचारा. मला काय झाले आहे? ही गोळी कशाची? सुरुवातीला काय त्रास होईल? किती दिवसांनी फरक पडेल? अडचण आली तर तारखेआधी कुणाला भेटू? डॉक्टर घाईत असतील तर बाहेर परिचारिकेला, सामाजिक कार्यकर्त्याला विचारा. आम्ही त्यासाठीच बसलेले असतो.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाला पाठ असाव्यात. तुमची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके आहेत, जसे कुणाच्या जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश. शेजाऱ्याला, मालकाला, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना तुमचा केसपेपर मागता येत नाही. तुमची कागदपत्रे पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे.

नुसते मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून माणूस कायद्याच्या नजरेत 'विकल मनाचा' ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. 'ओपीडीचा कागद आहे, आता तुला घराबाहेर काढतो' असे सुनेला धमकावणाऱ्यांनी हे वाचावे. सामाजिक किंवा आर्थिक स्थिती, धर्म किंवा समूह यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असेही याच कायद्यात म्हटले आहे. विमा कंपनीने शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजारालाही विमा द्यायचा आहे. भूल न देता विजेचे उपचार करण्यास बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे कायदा गृहीत धरतो. त्याला काळजी आणि उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे. पोलीस केसच्या भीतीने अशा माणसाला घरात दडवून ठेवू नका.

आपल्या घरातले

आपण देव्हारे हलवले, अंगात येणे, उतारे, गंडेदोरे यांना नकार दिला. पण खरे सांगायचे तर माझ्या टेबलापाशी आलेल्या आपल्या माणसांपैकी कित्येकजण आधी तालुक्याच्या बाहेरचा एखादा 'बघणारा' करून आलेले असतात. वस्तीत कळू नये म्हणून दुसऱ्या गावी जातात. पैसे जातात, महिने जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बाहेर विज्ञानाचे भाषण आणि घरी लिंबू, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

दुसरे टोकही आहे. 'ध्यान कर, सगळे सुटेल' असे सांगून कुणाच्या गोळ्या बंद करायला लावणे. ध्यानाने मन शांत होते हा अनेकांचा अनुभव आहे, माझाही आहे. पण ज्याला भास होतात, ज्याचे मन टोकाच्या उन्मादात आणि उदासीत हेलकावे खाते, त्याला दहा दिवसांच्या मौनात नेऊन बसवणे धोक्याचे ठरू शकते. विपश्यना शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराविषयी विचारतात. ते लपवू नका, आणि शिबिरासाठी औषध सोडू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आणि व्यवस्थेचे काय?

कुणी म्हणेल, ताई, सगळे ओझे रुग्णावरच टाकता. डॉक्टर दहा मिनिटे देतात, ओपीडीत दाराला पडदा नाही, औषध संपलेले असते, त्याचे काय? बरोबर आहे. नव्या रुग्णाला एकांत मिळाला पाहिजे. गोळीचे त्रास मराठीत लिहिलेला एक कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. जो तारखेला आला नाही त्याला एक फोन गेला पाहिजे. त्या मुलाच्या घटनेनंतर आमच्याकडे हे फोन सुरू झाले. सगळे परत येत नाहीत, पण काहीजण येतात. ज्या रुग्णालयात हे होत नाही तिथे वस्तीतल्या मंडळांनी, महिला मंडळांनी लेखी मागणी करावी. रस्ता आणि नळासाठी आपण निवेदन देतो, यासाठीही द्यावे.

पण व्यवस्था सुधारेपर्यंत आजार थांबत नाही. म्हणून वही हवी, प्रश्न हवेत आणि सोबत एक समजूतदार माणूस हवा.

कुणी मरणाची भाषा करत असेल, अनेक दिवस झोपला-जेवला नसेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असे वाटत असेल, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. रात्र असो, सुट्टी असो, थेट अपघात विभागात या. तातडी नसेल पण कुणाशी तरी बोलायचे असेल तर सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर खडूने लिहून ठेवायला काहीच खर्च नाही.

तो मुलगा आता महिन्यातून एकदा येतो. अभ्यास पुन्हा सुरू केला आहे. मागच्या खेपेला त्याच्यासोबत मामा नव्हते, त्याचा एक मित्र होता, नवा रुग्ण म्हणून आलेला. खिडकीपाशी मित्र घुटमळला तेव्हा हाच पुढे झाला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मानसोपचारचा केसपेपर द्या." पंधरा दिवसांनी त्या मित्राच्या तारखेला मी रजिस्टर उघडले. 'जुने' या रकान्यात त्याचे नाव लिहिले.